बोरिवलीत राहून लिहिलेलं लालबाग

जयंत पवार बोरिवलीत राहत. ऑगस्ट २०२१ मध्ये ते गेले, तेव्हाही घर तिथेच होतं. पण त्यांच्या लेखनाचा मुक्काम बहुतेक लालबाग-परळलाच राहिला, कारण लहानपण तिथलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. वर्तमानपत्रांनी रकाने भरले, अभ्यासकांनी प्रबंध लिहिले. पवारांचं ‘अधांतर’ रंगमंचावर यायला मात्र १९९७ साल उजाडलं. त्यात मोर्चा नाही, चाळीतली एक खोली आहे. आई, मुलगी आणि तीन मुलगे: थोरल्याला लेखक व्हायचंय, दुसऱ्याच्या तोंडी अष्टौप्रहर क्रिकेट, तिसरा गुंडांच्या नादी लागलेला. संपाने काय केलं, ते या तिघांकडे बघून कळतं.

मधली पंधरा वर्षं मला महत्त्वाची वाटतात. आठवण ताजी असते तेव्हा ती आपल्याच मालकीची असते; दुसऱ्याला तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. प्रकाश नारायण संतांनी लंपनच्या पहिल्या कथा तरुणपणी लिहिल्या, मग कैक वर्षं थांबले. कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत राहिले. ‘वनवास’ पुस्तकरूपाने आलं १९९४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. आजी-आजोबांकडे वाढणारा तो पोरगा आणि त्याची कानडी हेल असलेली बेळगावी मराठी, दोन्ही संतांच्या स्वतःच्या बालपणातली. तरी त्याला आत्मचरित्र म्हणणं चूक. लंपनला जे दिसतं ते मुलाचं. त्यातलं कुठलं ठेवायचं नि कुठलं गाळायचं, हा निर्णय मात्र प्रौढ माणसाचा.

हे गाळणं-घालणं कसं चालतं, ते परक्याच्या लेखनावरून सांगणं अवघड. म्हणून घरचंच सांगतो.

मुलुंडला आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा होता. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांची नावं सेक्रेटरीकाका त्यावर खडूने लिहीत: आडनाव, खोली नंबर, रक्कम. नुकतंच वाचायला शिकलेली आम्ही पोरं पाढे म्हणावेत तशी ती यादी मोठ्यांदा म्हणायचो. आमच्यातल्या एकाचं आडनाव बरेच महिने फळ्यावरून हललं नाही. त्याच्या बाबांची कंपनी बंद पडली होती. तोही आमच्यात उभा राहून वाचायचा. स्वतःचं आडनाव आलं की दप्तराचा पट्टा सारखा करायचा.

यावर मी पुढे कथा लिहायला घेतली. घडलं तसं मांडलं, तर ती नुसती कणव येण्यापुरती होत होती. मग एका रात्री कुणीतरी तेवढंच एक नाव पुसतं, असं लिहिलं आणि कथा चालू लागली. सगळ्या बिल्डिंगला वाटतं, पैसे भरले. त्या घराला मात्र ठाऊक असतं की भरलेले नाहीत. आता नवरा-बायको प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागतात: उपकार कुणाचा? प्रत्यक्षात ते नाव कुणीही पुसलं नव्हतं. मीही नाही. मला वाटतं, बालपण कथेला असं न झालेलं काहीतरी पुरवतं. झालेलं तर सगळ्यांनाच आठवतं.

एक अडचण उरली होती. त्या मुलाची आई बोलायची कशी, ते काही केल्या आठवेना. तिचं वाक्य मिळालं घाटकोपरला, मेट्रोतून उतरून लोकलकडे निघालेल्या गर्दीत. एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती, ‘देते म्हटलंय ना, पळून नाही चालले कुठे.’ तिचा आवाज चढलेला नव्हता. शब्दावर जोर होता तो फक्त ‘ना’वर. ते वाक्य मी होतं तसं उचललं. रोजचं जगणं लेखकाला काय देतं, असं विचाराल तर हे असं: तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचा आवाज. (गाडीत कानात इयरफोन घालून बसणाऱ्या होतकरू लेखकांची म्हणून मला काळजी वाटते.)

आता उपनगरांबद्दलची माझी तक्रार. पु. ल. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढले, पण गाजली ती ‘बटाट्याची चाळ’. चाळीचं आणि गिरणगावाचं ऋण मराठी लेखकांनी फेडलं. उपनगर बरेचदा नुसतं झोपायला वापरलं. कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गालगत कारखान्यांची रांग होती. एकेक करत बहुतेक बंद झाले, तिथे मॉल आणि टॉवर आले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत मुळात घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉक्टर. १६ जानेवारी १९९७ ला त्यांचा खून झाला तो पवईत. म्हणजे गिरणगावाच्या गोष्टीचा एक धागा आमच्याकडून जातो. तरीही भांडुप-कांजूरच्या बंद गेटांना त्यांचा ‘अधांतर’ मिळालेला मला तरी दिसत नाही.

त्या कामगारांची मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत. जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. सामान बांधताना, कथा जमो न जमो, दोन गोष्टी लिहून ठेवा: पगाराच्या दिवशी घरात काय शिजायचं, आणि भोंगा वाजायचा बंद झाल्यावर बाबा सकाळी किती वाजता उठू लागले. पुढच्या दिवाळी अंकांची जुळवाजुळव जून-जुलैत सुरू होईल. तोवर भरपूर वेळ आहे.