किनारा कोठून मोजावा?

आम्ही नाशिककर समुद्राकडे पाहुण्याच्या नजरेने पाहतो. सुटीत जावे, चार शिंपले वेचावेत, परतावे. किनाऱ्याची काळजी कोळ्यांनी आणि सरकारने वाहावी!

सरकारने मापही ठरविले आहे. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा निर्बंधाखाली आणला; २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या खेड्यांसाठी बांधकामबंदीची मर्यादा २०० मीटरांवरून ५० वर आणली.

कायद्याला रेषा लागतेच. पण कर्तव्याला ती पुरते काय? त्र्यंबकच्या डोंगरांतून निघून वैतरणा अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. गोदावरी मात्र पूर्वेकडे सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेतल्या धरणांनी तिचा गाळ अडविला. आमची शेते भिजली. तिकडे मुखाजवळचा किनारा, गाळाअभावी, समुद्र खाऊ लागला. वरच्याने पाट अडविला, तर खालचा शेतकरी भांडायला तरी येतो. कोरिंगाच्या तिवरांतला कोळी कुणाच्या दारी येणार?

जो भांडायला येऊ शकत नाही, त्याचेच देणे मोठे. शेजारी फराळाचे ताट आपण झाकून, निगुतीने पाठवितो. नदीतून काय पाठवितो, तेही एकदा पाहावे. किनारा त्र्यंबकपासून मोजावा.