न मोजलेल्या कामाचा मान

एखादा माणूस कामातून निवृत्त झाला की दोन प्रश्न पुढे येतात. त्याच्या जागी कोण, हा पहिला. आणि त्याचा मान कसा करायचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काळ देतोच. दुसऱ्याचे सहज सापडत नाही. कारण मान द्यायचा तर आधी ठरवावे लागते, की त्या माणसाने केले काय आणि त्यातले मोलाचे कोणते.

अमेरिकेत हा प्रश्न एका खेळाडूच्या बाबतीत अनेक वर्षे चर्चेत आहे. खेळ अमेरिकन फुटबॉल. आपल्याकडे मैदानावर खेळतात तो फुटबॉल नव्हे. यात लंबगोल चेंडू हाताने फेकतात, झेलतात आणि घेऊन पळतात. दूर धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. ओहायो राज्यातील कँटन या गावी १९६३ साली या खेळाचे ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे कीर्तिमंदिर उघडले. तेथे निवड झालेल्या खेळाडूचा ब्राँझचा अर्धपुतळा कायमचा बसवतात व त्याला सोनेरी कोट देतात. निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते. मग सुमारे पन्नास जणांची समिती, ज्यात बहुतेक पत्रकार असतात, मत देते. ८० टक्के मते हवीत.

ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत तो हाइन्स वॉर्ड. १९७६ साली सोल शहरात जन्मलेला. आई कोरियन, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. आईवडील विभक्त झाले. परक्या देशात, भाषा येत नसताना, आईने एकाच वेळी अनेक कामे करून मुलाला वाढवले. १९९८ ते २०११ असे चौदा हंगाम तो एकाच संघाकडून, पिट्सबर्ग स्टीलर्सकडून खेळला. मार्च २०१२ मध्ये संघाने त्याला मोकळे केल्यावर दुसरीकडे न जाता तो निवृत्त झाला.

त्याने १,००० झेल घेतले. त्याच्या आधी केवळ सात जणांना ते जमले होते. त्या झेलांतून त्याने १२,०८३ यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर, जमीन जिंकून दिली. फेब्रुवारी २००६ च्या अंतिम सामन्यात, ज्याला सुपर बोल म्हणतात, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही २०१७ साली पात्र झाल्यापासून २०२५ सालापर्यंत कँटनचे दार त्याला उघडले नाही.

विरोध करणारे वेडे नाहीत. ते म्हणतात, टोरी होल्टने १३,३८२ आणि रेजी वेनने १४,३४५ यार्ड मिळवले; २०२५ पर्यंत तेही बाहेरच होते. वर्षाला थोड्याच जागा असतात. मग कमी आकड्यांच्या माणसाला आधी कसे घ्यायचे?

वॉर्डची बाजू घेणारे आकड्यांच्या पलीकडे बोट दाखवतात. चेंडू दुसऱ्या सोबत्याच्या हातात असतो तेव्हा रिसीव्हरने काय करायचे? समोरून येणाऱ्याला अंगावर घेऊन अडवायचे, म्हणजे सोबत्याला वाट मिळेल. हे काम अंगाला लागणारे, आणि गुणपत्रकात त्याला रकाना नाही. बरेच रिसीव्हर ते जेमतेम उरकतात. वॉर्ड ते मनापासून करी, आणि त्यासाठीच तो ओळखला जाई. त्याचा सोबती जेरोम बेटिस २०१५ साली कँटनमध्ये गेला. बेटिसच्या नावावर १३,६६२ यार्डांची धाव आहे. ज्या ज्या वेळी वॉर्डच्या खांद्याने वाट मोकळी झाली, त्या वेळचे यार्डही बेटिसच्याच खात्यात जमा झाले. आणि तसेच व्हायला हवे, कारण पळाला तो बेटिस. पण वाट करून देणारा कोणत्या वहीत लिहायचा?

इथपर्यंत कोणाचेही मन वॉर्डकडे झुकेल. पण गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये सिनसिनाटीच्या कीथ रिव्हर्स या तरुण खेळाडूला, त्याचे लक्ष दुसरीकडे असताना, वॉर्डने अशीच धडक दिली. रिव्हर्सचा जबडा मोडला. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. पंचांनी दंड दिला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक बसत होती. पुढच्याच वर्षी नियम बदलला, बेसावध खेळाडूच्या डोक्यावर अशी धडक देण्यास बंदी आली, आणि लोक त्याला ‘हाइन्स वॉर्ड नियम’ म्हणू लागले. ज्या गुणासाठी आपण त्याचा मान मागतो, त्याच गुणाने एकाचा जबडा मोडला. नियमात बसले म्हणून ते बरोबर ठरते का? आम्हांला तसे वाटत नाही.

वॉर्डने एक चांगली गोष्टही केली. २००६ साली तो आईसह कोरियात गेला. तेथे मिश्र वंशाच्या मुलांना फार अवहेलना सोसावी लागे. त्यांच्यासाठी त्याने दहा लाख डॉलर देऊन संस्था उभारली. पण समितीला मैदानाबाहेरचे काही विचारात घ्यायची मुभा नाही. आम्हांला हा नियम योग्य वाटतो. दान जर पुतळ्याचे तिकीट झाले, तर ते दान उरणार नाही.

मग आमचे उत्तर काय? वॉर्डला तो मान मिळावा. होल्ट आणि वेन यांना ढकलून नव्हे. झेल घेणे हेही कष्टच आहेत आणि त्यांतून त्यांनी अधिक यार्ड मिळवले. पण रांगेत मागे असणे वेगळे आणि रांगेतून काढून टाकणे वेगळे. ज्या कीर्तिमंदिरात फक्त मोजता येणारेच काम बसते, ते खेळाची अर्धीच गोष्ट सांगते. मात्र वॉर्डचा पुतळा बसेल त्या दिवशी रिव्हर्सचे नावही कोणीतरी घ्यावे. मान म्हणजे स्तुती नव्हे. मान म्हणजे माणसाविषयी पूर्ण खरे बोलून, तरीही त्याला आदराने आपल्यात बसवणे.

प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा वाटला तरी आपल्या धर्मग्रामातही आपण मान देतोच. परीक्षेचे टक्के, देणगीची रक्कम, पदावर काढलेली वर्षे, हे सारे मोजता येते म्हणून शाल लवकर पोहोचते. त्यात गैर काही नाही. पण सणाच्या आदल्या रात्री खुर्च्या मांडणारे हात, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे वर्षानुवर्षे करणारी सून, भावंडांची शिक्षणे व्हावीत म्हणून स्वतःचे शिक्षण सोडणारा थोरला, यांच्यासाठी आपल्या वहीत रकाना कोणता? दुसऱ्याच्या नावावर जे यश जमा झाले, त्यात यांचा खांदा होता.

प्रत्येकाला शाल देणे शक्य नाही, आणि त्यांतील अनेकांना ती नकोही असेल. पण पुढच्या वेळी यशस्वी माणसाचे नाव पुकारले जाईल, तेव्हा टाळ्या वाजवताना एवढे तरी स्वतःला विचारू या: याची वाट कोणी मोकळी केली? आणि उत्तर ठाऊक असेल, तर त्या माणसाला घरी जाऊन सांगू या.