माफ झालेलं कर्ज

दया करताना आपण कचरतो, ते मन कठोर आहे म्हणून नव्हे. बहुतेक वेळा ते उद्याच्या धास्तीने. माझं मला पुरेल का, हा प्रश्न आत घर करून बसला की समोरच्याची गरज दिसते, पण हात पुढे होत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला तो चाकर आठवा. राजाचं त्याच्यावर दहा हजार तालांतांचं देणं होतं. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची रोजी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. एवढं कर्ज कुणाच्यानं फिटत नाही. ते माफच व्हावं लागतं. राजाने ते माफ केलं. आणि बाहेर पडताच हाच चाकर शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

उपदेशात आपण त्याला कृतघ्न म्हणून सोडून देतो. मला त्याचं दुखणं अधिक खोल वाटतं. राजाच्या पाया पडताना त्याने माफी मागितलीच नव्हती. त्याने मुदत मागितली होती: थोडं थांबा, सगळं फेडतो. राजाने कर्ज माफ केलं, पण चाकराच्या मनाने मुदतच ऐकली. सुटल्यावरही तो कर्जदारच राहिला, म्हणून दिसेल त्याच्याकडून वसुली करत निघाला. ज्याला स्वतःची माफी खरी वाटत नाही, त्याला दुसऱ्याची चूक परवडत नाही.

आपणही यात येतो. बाप्तिस्मा झालेला, प्रभुभोजन चुकत नाही, आणि सख्ख्या भावाशी बांधावरून अबोला. प्रभूची प्रार्थना तोंडपाठ असते. पण आपल्याला हवी असलेली क्षमा जिथे आपण दिलेल्या क्षमेशी बांधली आहे, तिथे आवाज घाईने पुढे सरकतो.

क्षमा म्हणजे झालं ते झालंच नाही असं म्हणणं नव्हे. हिशेब देवाकडे सोपवून वसुलीचं काम सोडणं, ही क्षमा. म्हणून देवावर भरवसा नसेल तर ती जमत नाही. हिशेब सोपवायला कुणी तरी असावं लागतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला क्षमेचं नाव सांगून त्याच घरात परत पाठवणं, ही दया नव्हे. दया पडलेल्याच्या बाजूने उभी राहते. समेटाची घाई पुष्कळदा बघणाऱ्यांच्या सोयीची असते.

पंडिता रमाबाई हे जाणत होत्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले. उरलेली दोघं भावंडं उपाशीपोटी देशभर पायी हिंडली. पुढे भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पतीही. एवढं भोगलेल्या माणसाने आपल्यापुरतं जपून राहायचं ठरवलं असतं, तर कुणी नावं ठेवली नसती. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. ते मोजक्या उच्चवर्णीय विधवांसाठी होतं, आणि त्यामागे अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या मंडळाने दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचन होतं.

ते वचन १८९८ मध्ये संपणार होतं. त्याच्या आधी, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली घेऊन आल्या, जात न विचारता. पुण्याजवळ केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं ते या मुलींसाठी. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या हजारावर गेली. पैशाची हमी संपत आली तेव्हाच घर वाढलं. शहाण्या व्यवहाराने याच्या उलट केलं असतं.

पण यावरून कुणी भरवशाला निवांतपणा समजू नये. केडगावात विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. ज्या स्त्रियांना समाजाने नाव घेण्याच्याही लायक ठेवलं नव्हतं, त्यांच्यासाठी वेगळं कृपासदन उघडलं. प्रार्थना करून उठलेल्या माणसाला तिथे काम तयार असे. देवावर टाकायचा तो उद्या. आजचा दिवस आपल्याला राबायला दिलेला आहे. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला, तोही ज्याचा त्याला वाकून गोळा करावा लागे.

आणि भरवसा म्हणजे दुःखापासून सुटकाही नव्हे. आईचं काम पुढे नेईल अशी आशा जिच्यावर होती ती रमाबाईंची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. रमाबाई बायबलचं भाषांतर करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांचं निधन झालं. सगळं मनासारखं झाल्यावर देव चांगला आहे असं कुणीही म्हणेल. मुलीला माती दिल्यावर पुन्हा भाषांतराचे कागद पुढे ओढणं, याला मी विश्वास म्हणतो.

आपल्यापुढे दुष्काळातल्या शेकडो मुली नाहीत. आपल्यापुढे धुणंभांडी करणारी बाई आहे, तिच्या आजारपणाच्या खाड्याचे पैसे कापायचे की नाहीत, एवढाच प्रश्न आहे. सर्वांदेखत आपला अपमान केलेला मंडळीतला माणूस इस्पितळात आहे. म्हातारी सासू तेच तेच विचारते आहे. भाडेकरूची नोकरी गेली आहे. दया मोठी होण्याची वाट पाहत बसलं की ती कधीच घडत नाही, कारण ती नेहमी अशा किरकोळ आणि गैरसोयीच्या वेळीच दारात येते.

अशा वेळी आत जो हिशेब सुरू होतो, त्याकडे नीट पाहावं. याने फायदा घेतला तर? पुन्हा मागितलं तर? लोक मला भोळा समजले तर? हे तिन्ही प्रश्न समोरच्याबद्दल आहेत असं वाटतं. खरं तर ते देवाबद्दल आहेत: माझं काही कमी पडलं, तर तो पाहील का?

वाचक हो, तुमचं कुणाकडे येणं असेल आणि त्याच्यानं ते फिटणार नाही हे तुम्हालाही ठाऊक असेल, तर त्याला आणखी मुदत देऊ नका. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जा, आणि ते माफ केलं असं त्याच्या घरच्यांसमोर स्वच्छ सांगा.