उन्हाळ्याची शेवटची आतषबाजी

डोळे मिटा असं सांगत नाही, मग वाचणार कसं? फक्त खांदे सैल सोडा. श्वास चालतोय तसा चालू दे. आणि घाईने वाचू नका.

ऑगस्टची अखेर. जपानमधलं फुजियोशिदा, फुजी पर्वताच्या उत्तर पायथ्याचं गाव. 26 आणि 27 ऑगस्टला इथे अग्निउत्सव असतो. सुमारे 3 मीटर उंचीच्या मशाली रस्त्यात उभ्या करून पेटवतात आणि फुजी चढण्याचा हंगाम संपला असं मानतात. जपानचा उन्हाळा म्हणजे नदीकाठी, तळ्याकाठी शोभेच्या दारूचे कार्यक्रम. ते संपत आले की उन्हाळा संपला, हे कुणाला सांगावं लागत नाही.

मासाहिको शिमुरा याच गावचा, जन्म 1980चा. शाळा संपल्यावर तो तोक्योला गेला आणि त्याने फुजीफॅब्रिक हा बँड काढला. बँडची सुरुवात इंडी लेबलवर झाली, 2004 साली मोठ्या कंपनीकडून पहिली सिंगल आली. 2007च्या नोव्हेंबरात आलं शिमुराने लिहिलेलं ‘वाकामोनो नो सुबेते’. उन्हाळा सरण्याचं गाणं, तेही थंडीच्या तोंडावर. तेव्हा ते फार गाजलं नाही.

आता कान बाहेर लावा. संध्याकाळचे पाच वाजलेत. जपानमधल्या कितीतरी गावांत खांबांवर नगरपालिकेचे कर्णे असतात. ते भूकंप-वादळाची सूचना देण्यासाठी, पण यंत्रणा चालू आहे ना हे कळावं म्हणून रोज संध्याकाळी त्यांवर एक धून वाजते. पोरं ती ऐकून खेळ मोडतात आणि घरी पळतात. गाण्याच्या शब्दांत सुरुवातीलाच या पाचच्या धुनेचा उल्लेख आहे. ऐकणारा आता पोर राहिलेला नाही, घरी बोलावणारंही कुणी नाही, तरी ती छातीत कुठेतरी वाजते. पाठीमागे पियानो एकच ठेका धरून चाललाय. घाई नाही, रेंगाळणंही नाही. गाण्यातला मुलगाही चालतोच आहे. रस्त्यावरचे दिवे लागतायत, दिवस मावळतोय.

इथे थोडं थांबा.

तो कुणाची तरी आठवण काढतोय. कुणाची, ते गाणं सांगत नाही. नाव नाही, रूप नाही, काय बिनसलं होतं त्याचाही पत्ता नाही. उन्हाळ्याच्या शेवटच्या आतषबाजीला ते माणूस येईल का, असं तो मनात विचारतो आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच नाही म्हणून टाकतो. पुन्हा विचारतो, पुन्हा नाही म्हणतो. वरवर पाहिलं तर हा आशा सोडलेला माणूस. पण जरा या नकाराजवळ बसून बघा. ज्याला खरोखर काही वाटत नाही तो इतक्यांदा नाही म्हणेल कशाला? तोंडाने नाही म्हणायचं आणि डोळ्यांनी गर्दी चाळायची. आशेला नजर लागू नये म्हणून तिला नकाराची तीट लावायची. मला या गाण्याचं सगळं प्रेम या एका खोडीत दिसतं. प्रेम आहे असं तो कुठेही म्हणत नाही.

आता तुमच्या ओळखीची एखादी गर्दी आठवा. लग्नाचा हॉल, जत्रा, रेल्वेचा पूल, काहीही. तिथे तुम्ही कुणाशी तरी बोलत होता आणि बोलता बोलता डोळे त्याच्या खांद्यावरून पलीकडे जात होते. कुणासाठी? चेहरा आला तर येऊ द्या. नाही आला तर ओढून आणू नका. आलाच, तर त्याच्याशी भांडण उकरून काढू नका, हिशेबही मांडू नका. दोन-तीन श्वास त्याला तिथे असू द्या.

गाण्याच्या शेवटी काहीतरी घडतं. मुलगा एकदम गडबडतो, काय बोलावं ते त्याला सुचत नाही. मग दोघं एकाच आकाशाकडे बघतायत, असं चित्र येतं. काही ऐकणारे म्हणतात, भेट झालीच नाही, दोघं दोन ठिकाणांहून वर बघतायत. तोही अर्थ लागतो. माझा कौल भेटीला. समोर कुणी नसताना माणसाचे शब्द असे अडत नाहीत. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य ऐनवेळी घशात अडकतं आणि वर दारू फुटत राहते. ही शेवटची आतषबाजी संपली की आपल्यात काही बदलेल का, एवढाच प्रश्न उरतो. उत्तर गाण्यात नाही.

शिमुरा 24 डिसेंबर 2009 रोजी गेला, अवघ्या 29व्या वर्षी. पुढे अनेकांनी हे गाणं गायलं, 2022 साली ते जपानी हायस्कूलच्या संगीताच्या एका पाठ्यपुस्तकात आलं. जुलैत त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास फुजियोशिदाच्या कर्ण्यांवर संध्याकाळी याच गाण्याची धून वाजवली गेली आहे. हे कळल्यावर गळा दाटतो, मान्य. तरी त्याच्या मरणाचं ओझं गाण्यावर टाकू नये असं मला वाटतं. लिहिणारा सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्या गाण्यातला मुलगा मरणाचा विचारही करत नाहीये. तो फक्त गर्दीत बघतोय.

गाणं साधारण पाच मिनिटांचं आहे. जपानी येत नसेल तरी पहिल्यांदा भाषांतराशिवाय ऐका, पियानोबरोबर चाला. संपल्यावर कुणाला मेसेज पाठवावासा वाटला तर खुशाल पाठवा. गाण्यातल्या मुलाने तसं काही केलं नाही, पण त्याला ते माणूस निदान भेटलं.