एकांत आणि किनाऱ्यावरचे गोटे

साधनेसाठी एकांत हवा, असे आपण नेहमी म्हणतो. भिलाईच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला तर वाटे की शांत जागा मिळाली, तर मन आपोआप स्थिर होईल.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे गोव्याला जाणे झाले, तेव्हा ती जागा मिळाली. काणकोण तालुक्यात समुद्रकाठी काब द राम हे लहानसे गाव आहे. वनवासात प्रभू श्रीराम आणि सीतामाई येथे राहिले होते, अशी लोकश्रद्धा आहे. तिथल्या जुन्या किल्ल्याजवळ, कड्याखाली गोट्यांचा एक निर्जन किनारा आहे.

एका दगडावर बसून जप सुरू केला. पण डोळ्यांपुढे सून आली. निघण्याच्या आदल्या दिवशी चहाला उशीर झाला, म्हणून मी तिला चारचौघांत वाटेल ते बोललो होतो. तेही सकाळची उपासना आटोपून उठल्याबरोबर! घर कितीतरी मागे राहिले, पण ते कडू शब्द माझ्याआधीच किनाऱ्यावर येऊन बसले होते.

लाट माघारी फिरताना गोटे एकमेकांवर घासून खडखडत होते. कड्यावरून तुटलेला दगड आधी टोकदार असतो. लाटा त्याला इतर दगडांवर आपटतात. पुढे आलेले कोपरे आधी झिजतात आणि दीर्घ काळाने तो गुळगुळीत होतो. लाटेच्या आवाक्याबाहेर पडलेले दगड मात्र धारदारच होते.

मग एकांत व्यर्थ आहे का? नाही. पण तो आपोआप पवित्रही नाही. याच किल्ल्यात 1955 पर्यंत तुरुंग होता. तिथल्या कैद्यांना हीच शांतता शिक्षा वाटली असेल. एकांतात आपले कोपरे दिसतात. ते झिजतात मात्र माणसांत, रोजच्या घर्षणात. श्रीरामांचा वनवासही माणसांपासूनचे पलायन नव्हते. केवट, शबरी, सुग्रीव त्यांना त्याच वाटेवर भेटले.

आणखी एक धोका आहे. आपण म्हणतोच, नर्मदेतला गोटा वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही आतून कोरडाच. वरून गोड बोलायला शिकलो आणि आत ओलावा आला नाही, तर आपणही तसेच. वर्षानुवर्षे नियमाने उपासना करणाऱ्या मला त्या दिवशी ही भीती प्रथमच वाटली.

वर गावात आल्यावर सुनेला फोन केला. "माझे चुकले, बेटा," एवढेच म्हणालो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात का?"

उपासना किती झाली, हे माळेवर मोजता येते. ती किती मुरली, हे घरची माणसे सांगतात. आज रात्री निजण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारू या : आज माझा कोणता कोपरा कुणाला टोचला?