हेतू चांगला असला म्हणजे पुरे?

हिवाळा सरता सरता, फेब्रुवारीच्या सुमारास, रायगड जिल्ह्यातील म्हसळा परिसरात उंच झाडांवरच्या घरट्यांत गिधाडांची पिल्ले दिसतात. ऊन चढून हवा तापली की मोठी गिधाडे आकाशात घिरट्या घेऊ लागतात. पंखांचा पसारा सुमारे दोन मीटर, पण पंख क्वचितच हलतात. वर्षाला अंडे एकच. आईबाप आळीपाळीने घरटे सांभाळतात. म्हणून पाहणाऱ्याने दूर उभे राहून, शांतपणे, दुर्बिणीतूनच पाहावे.

एकेकाळी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की गिधाडांचे थवे उतरत. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत आपल्या देशातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एखादेच उरले. त्यांची कोणी शिकार केली नव्हती. आजारी गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅक हे औषध दिले जाई. असे जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. शंभरात एखाद्या मृत जनावरात औषध असले तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसे होते.

मग हे पाप कोणाचे? ख्रिस्तसभा शिकवते की गंभीर पापासाठी बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी आणि मनाची संमती हवी. शेतकऱ्याच्या मनात तर दयाच होती. संशोधनातून २००४ साली कारण उघड झाले, त्याआधी त्याला दोषी कसे म्हणावे?

परंतु दोष नव्हता म्हणून जबाबदारीही नाही, असे म्हणता येत नाही. सरकारने २००६ साली गुरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या गेल्या. अखेर २०१५ साली त्या बाटल्याही बंद कराव्या लागल्या. इंजेक्शन तेच, दयाही तीच. पण कळल्यानंतर ती कृती पूर्वीसारखी निष्पाप राहिली नाही.

आपल्या घरातही असेच घडते. दारू पिणाऱ्या भावाची दया येते, आपण त्याच्या हातावर पैसे ठेवतो आणि उपाशी राहतात त्याची बायकामुले. कोणी लक्षात आणून दिले की आपण म्हणतो, "मी चांगल्यासाठीच केले." हे म्हटले की पुढचा विचारच थांबतो.

प्रायश्चित्तकाळात आपण विवेकाची तपासणी करतो. तेव्हा "माझा हेतू काय होता?" एवढेच न विचारता "माझ्या कृतीतून पुढे कोणाचे काय झाले?" हेही प्रभूसमोर विचारू या. ज्याला आपण पाहिले नाही, जो आपल्याला आवडतही नाही, तोही त्याच पित्याची निर्मिती आहे.

आणि ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडे गिधाडांना अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम आवर्जून मागावे. दया तीच राहील, फक्त तिला आता माहितीची जोड असेल.