वहिवाट

माणसाने माणसावर केलेला उपकार किती वर्षे उपकार राहतो? हा प्रश्न मला कोणत्या ग्रंथात भेटला नाही; तो गेल्या दिवाळीत आमच्याच शेतात भेटला.

पाडव्याचा फराळ आटोपल्यावर धाकट्या भावाने माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक सातबाराचा उतारा आणि दुसरी मोजणीची ‘क’ प्रत. आमच्या शेतातून तिरकी जाणारी एक गाडीवाट आहे. आमच्या मागच्या बाजूला ज्यांचे शेत आहे त्या वहिनींची ती वाट. त्यांचे यजमान आम्हां दोघांना थोरल्या भावासारखे होते. ते वारल्यापासून त्या एकट्याच शेत करतात. “दादा, नकाशा बघ,” भाऊ म्हणाला, “यात वाट कुठे आहे?”

मी चष्मा लावून पाहिले. वाट नव्हती. मग आम्ही जुना गाव नकाशाही काढला. त्यात पाऊलवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवतात. आमच्या शेतावर असे काहीच नव्हते. ज्या वाटेवरून मी लहानपणी बैलगाडीला लोंबकळलो, ती वाट सरकारदरबारी जन्मलेलीच नव्हती!

नकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तिचा हेतू सारा कोणाकडून किती घ्यायचा हे ठरवण्याचा होता. शेजाऱ्याशी कसे वागावे, हा प्रश्न कोणी नकाशाला विचारलाच नव्हता. शिवाय कागदावरच्या रेषेला लांबी असते, रुंदी नसते. जमिनीवरच्या बांधाला मात्र रुंदी असते, त्यावर बोरीबाभळी असतात, आणि कधी कधी दोन पिढ्यांचा अबोलाही असतो.

भावाने हिशेबही करून ठेवला होता. जुन्या मापाने साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आमची वाट आठ साखळ्या लांब आणि चार आणे, म्हणजे सव्वाआठ फूट, रुंद. बरोबर दोन गुंठे. आजोबांच्या बारा एकरांत ते दिसतही नसत. वाटण्या होऊन उरलेल्या तीन एकरांत ते डोळ्यांत सलतात.

मी मोठ्या मनाने म्हणालो, “जाऊ दे रे, दोन गुंठ्यांनी काय होते?” भाऊ शांतपणे म्हणाला, “तुझे काही होत नाही, दादा. वाट तिरकी आहे, ट्रॅक्टर दोनदा वळवावा लागतो तो मला.” मी गप्प झालो. शहरात बसून मी जे औदार्य मिरवत होतो, त्याचे भाडे तो भरत होता. दुसऱ्याच्या घामातून केलेला दानधर्म हा फार स्वस्त पडतो.

मग आम्ही तालुक्याच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा समजावला. उघडपणे, तंटा न होता, आपला हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे एखादी वाट वहिवाटली, तर तो हक्क ठरू शकतो. पण तीच वाट मालकाच्या परवानगीने वापरली असेल, तर पन्नास वर्षांनीही हक्क होत नाही. मला याची गंमत वाटली. जो शेजारी तोंडाने “जा खुशाल” म्हणतो, त्याची जमीन सुरक्षित. जो भिडेपोटी मुकाट्याने जाऊ देतो, त्याची मात्र धोक्यात!

“तुमचे आजोबा काय म्हणत असत?” वकिलांनी विचारले.

आजोबांचे वाक्य आम्हां दोघांनाही पाठ होते. कोणी वाटेबद्दल विचारले की ते म्हणत, “जा की! वाट काय माझ्या बापाची आहे?” वस्तुतः ती त्यांच्या बापाचीच होती. आता ही परवानगी समजावी की कबुली? भाऊ म्हणाला, परवानगी. वहिनींचा पुतण्या म्हणेल, कबुली. वकील नुसते हसले. अशा एका वाक्यावर दोन घरांची दहा वर्षे कोर्टात जाऊ शकतात, हे त्या हसण्यातून कळले.

त्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. दरवर्षी भुईमूग निघाला की त्या आमच्या घरी शेंगांची पाटी पाठवीत. मी सहज म्हणालो, “वहिनी, यंदाच्या शेंगा फार गोड होत्या.” त्या म्हणाल्या, “गोड असोत, कडू असोत, पाठवायलाच पाहिजेत, भाऊजी. वाट तुमची.”

तीस वर्षे ज्या शेंगा आम्ही प्रेमाच्या म्हणून खाल्ल्या, त्यांत भीतीही होती. आमच्याच वाटेच्या भरवशावर त्यांच्या यजमानांनी विहीर पाडली होती, ऊस लावला होता. आमच्या घरातल्या कोणाचे डोके फिरले तर ते सारे अडणार, हे त्या बाईला दर सुगीला आठवत होते. परत घेता येणारा उपकार हा घेणाऱ्याची मान कायम खाली ठेवतो, आणि देणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

रात्री आम्ही भाऊ बोलत बसलो. जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, १४३ व्या कलमात तहसीलदाराला शेतांच्या हद्दीवरून रस्ता देता येतो. मी म्हटले, त्या कायद्याला जे सुचले ते आपल्याला का सुचू नये? वाट तिरकी न ठेवता पूर्वेच्या बांधाला लागून, आपल्याच हद्दीतून द्यावी. ट्रॅक्टर सरळ चालेल, गाडीही चालेल. आणि ती तोंडी न देता नोंदणीकृत दस्ताने द्यावी, म्हणजे सातबाराच्या ‘इतर हक्क’ सदरात चढेल. भावाला पहिली गोष्ट लगेच पटली. दुसरीला दोन दिवस लागले. “आपल्या पोरांचे हात बांधले जातील,” तो म्हणाला. त्याचे खरे होते. पण आपल्या पोरांचे हात मोकळे म्हणजे त्यांच्या पोरांचे पाय बांधलेले, हेही खरेच होते. शेवटी दस्तावर पहिली सही त्याने केली, आणि जमीन कसणारा तो असल्यामुळे त्या सहीची किंमत माझ्या सहीहून मोठी आहे.

यंदा भुईमूग निघाला, पण शेंगांची पाटी आली नाही. मला क्षणभर, खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. माणसे किती लवकर विसरतात, असेही मनात येऊन गेले. मग बांधाकडे पाहिले. नव्या वाटेने वहिनींची गाडी चालली होती, आणि आमच्या घराकडे न बघता त्या बैलांशी काहीतरी बोलत होत्या. त्यांना आता आमच्याकडे बघण्याचे कारण उरले नव्हते. शेंगा आल्या नाहीत, याचाच मला मग आनंद वाटू लागला.